परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे नेमकं काय? कुणी बघितलंच नसेल तर शिक्षा कशी होते?

अनया_प
नमस्कार मंडळी. एका खून खटल्याच्या निकालाची बातमी वाचली. "प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना केवळ परिस्थितीजन्य पुराव्यांवरून जन्मठेप." यावरून आमच्या घरात सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, कुणी बघितलंच नाही तर हा निव्वळ अंदाज झाला, आणि अंदाजावर माणसाला जन्मभर आत कसं टाकता? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, असं असेल तर एकट्याला गाठून मारणारा प्रत्येक जण मोकळा सुटेल. मला दोन्ही पटतं, म्हणून इथे विचारते. हा पुरावा दुय्यम दर्जाचा असतो का? कोर्ट तो कसा तोलतं? जाणकारांनी सोप्या भाषेत लिहावं, बाकीच्यांनी अनुभव सांगावेत.

रानवारा
पातेलं रिकामं आणि मांजराच्या मिशांना दूध. पिताना कुणी बघितलं नाही. झाला परिस्थितीजन्य पुरावा. :)

तर्कट
पातेलं मुळात भरलेलं होतं हे कोण सांगतंय? मिशांना लागलेलं दूध त्याच पातेल्यातलं कशावरून? घरात दुसरं मांजर नव्हतं कशावरून? आणि ज्याने मांजराला पकडलं त्यानेच दूध पिऊन टाकलं नाही कशावरून?

रानवारा
तर्कट, मांजराने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?

काळाकोट
तर्कट यांचे चारही प्रश्न बरोबर आहेत. उलटतपासणीत अगदी हेच विचारलं जातं. मी फौजदारी बाजूला वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जी गोष्ट सिद्ध करायची आहे तीच साक्षीदाराने स्वतः पाहिली असेल, तर तो प्रत्यक्ष पुरावा. "याने त्याला सुरा मारताना मी पाहिलं." इथे कोर्टाला एकच गोष्ट ठरवायची असते, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही. परिस्थितीजन्य पुराव्यात साक्षीदार आजूबाजूची एखादी गोष्ट सांगतो. आरोपी रात्री मयताबरोबर होता, त्याच्या सांगण्यावरून सुरा सापडला, शर्टावर मयताच्या गटाचं रक्त होतं, त्याच पहाटे तो गाव सोडून गेला. आता कोर्टाला दोन कामं करावी लागतात. प्रत्येक गोष्ट खरी आहे का हे आधी ठरवायचं, मग त्या सगळ्या मिळून एकाच निष्कर्षाकडे नेतात का ते बघायचं.

१८७२ च्या पुरावा कायद्यात या शब्दाची व्याख्या नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. दोन्हीकडे "सिद्ध झालं" कधी म्हणायचं याची व्याख्या मात्र आहे. समंजस माणसाने ती गोष्ट आहे असं धरून चालावं इतकी ती संभाव्य वाटली, तर ती सिद्ध झाली. पुरावा डोळ्यांनी पाहिलेलाच हवा अशी अट त्यात कुठेही नाही. तेव्हा दर्जाने दुय्यम हा समज सोडून द्या. फरक आहे तो तपासायच्या पद्धतीत.

बकुळ
पण तोंडी पुरावा "प्रत्यक्ष" असलाच पाहिजे असं एक कलम आहे ना? कॉलेजात शिकल्याचं आठवतंय. मग परिस्थितीजन्य पुरावा त्यात कसा बसतो?

काळाकोट
बकुळताई, जुनं कलम ६०, आताचं ५५. तिथला "प्रत्यक्ष" वेगळ्या अर्थाने आहे. ज्याने पाहिलं त्यानेच येऊन सांगावं, ऐकीव नको, एवढाच त्याचा अर्थ. आरोपीला रात्री दहा वाजता मयताबरोबर जाताना पाहिलं असं दुकानदार सांगतो, तेव्हा तो स्वतः पाहिलेलंच सांगतो, म्हणून कलमात बसतो. खुनाच्या दृष्टीने तीच साक्ष परिस्थितीजन्य. कायद्याच्या विद्यार्थ्यांची इथे हटकून गल्लत होते.

सूक्ष्मदर्शी
मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करते. लोकांना डीएनए म्हणजे साक्षात खुनाचा फोटो वाटतो. डीएनए, बोटांचे ठसे, रक्तगट, विषाचा अहवाल, बंदुकीच्या गोळीवरचे ओरखडे, हे सगळे परिस्थितीजन्यच. पेल्यावर तुमचा ठसा मिळाला याचा अर्थ त्या पेल्याला तुमचा हात लागला होता. तो कधी लागला, आत विष कुणी घातलं, यातलं काहीही ठसा सांगत नाही.

आणि नमुना आमच्यापर्यंत कसा आला यावर सगळी भिस्त असते. पाकिटावरचं लाखेचं सील शाबूत आहे का, पत्रासोबत पाठवलेल्या सीलच्या नमुन्याशी ते जुळतं का, हे आम्ही पाकीट उघडण्याआधी बघून नोंदवतो. ओला कपडा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला असेल तर रक्त सडतं आणि अहवालात "निष्कर्ष काढता आला नाही" असं लिहावं लागतं. नमुना हवालदाराच्या ताब्यात किती दिवस होता आणि तोवर कुठे ठेवला होता, हे मुद्देमाल रजिस्टरवरून सिद्ध झालं नाही, तर आमचा अहवाल कितीही अचूक असला तरी कोर्टात तो लंगडा पडतो.

वाटसरू_२
माणूस खोटं बोलेल, परिस्थिती खोटं बोलत नाही. विषय संपला.

तर्कट
संपला कसा? परिस्थितीला तोंड नसतं, तिच्या वतीनेही माणूसच बोलतो. सुरा सापडला असं पंच, म्हणजे जप्तीच्या वेळचा साक्षीदार, सांगतो. एकत्र पाहिलं असं दुकानदार सांगतो. सुरा आधी नेऊन ठेवलेला असेल आणि पंच पोलीस ठाण्याच्या ओळखीतलाच असेल, तर तुमच्या त्या सत्यवचनी परिस्थितीला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. मला हा पुरावा धोकादायक वाटतो तो यासाठीच.

गोदाकाठ
मी पोलीस खात्यातून निवृत्त. तर्कट यांचा राग समजू शकतो, ठरलेले पंच हे दुखणं खरंच होतं. पण दुसरी बाजूही ऐका. भर बाजारात खून होतो, पन्नास माणसं बघतात, आणि जबाब द्यायला एक पुढे येत नाही. जो येतो तो दोन वर्षांनी कोर्टात फितूर होतो. "मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." अशा वेळी तपास अधिकाऱ्याच्या हातात उरतं काय? रक्ताळलेली माती, मोबाईलच्या नोंदी, आणि आरोपीने काढून दिलेलं हत्यार. फितूर झालेल्या साक्षीदाराने सोडलेली खिंड कित्येकदा याच गोष्टी लढवतात.

आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १०५ ने बंधनकारक केलंय. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, हेही कलम १७६ मध्ये आलंय. आमच्या काळी हे असतं तर अनेक चांगले तपास निव्वळ पंचापायी पडले नसते.

बकुळ
पंचांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. शेजारच्या बंद घरात चोरी झाली तेव्हा मी घटनास्थळ पंचनाम्याला पंच होते. कडीचा कोयंडा उचकटलेला, कपाटाचं दार वाकलेलं, जमिनीवर रिकाम्या डब्या. फौजदारसाहेब बोलत गेले आणि हवालदार लिहीत गेला. कोयंडा कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधला, वर आमच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली, मग लाख. मी पूर्ण वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं, तर ते थांबले.

साक्षीला बोलावणं आलं ते फार उशिरा. बचावाच्या वकिलांनी विचारलं, कोयंडा कोणत्या बाजूला वाकला होता, आतल्या की बाहेरच्या? मला आठवेना. पंचनाम्यात होतं, म्हणून निभावलं. त्या एका शब्दावर त्यांचा रोख होता, कारण आतून वाकला असता तर घरातल्याच कुणी बनाव केला असं म्हणता आलं असतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पंच म्हणून उभे राहिलात तर नीट बघा आणि नीट वाचा. पुढे कुणाची तरी सुटका किंवा शिक्षा त्यावर अवलंबून असते.

काळाकोट
बकुळताई, हा प्रतिसाद पोलीस ठाण्यांत लावून ठेवण्यासारखा आहे.

गोदाकाठ यांनी "काढून दिलेलं हत्यार" म्हटलं, त्याबद्दल लिहितो, कारण बातम्यांमध्ये याचा विपर्यास होतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. त्याला जुन्या कलम २७ चा अपवाद आहे, तो नव्या कायद्यात कलम २३ मध्ये घेतलाय. आरोपी कोठडीत काही सांगतो आणि त्यातून एखादी गोष्ट उघड होते, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भागच तेवढा वाचता येतो.

डिसेंबर १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) पुलुकुरी कोट्टाया खटल्यात याची रेघ आखून दिली. आरोपी म्हणतो, "ज्या सुरीने मी त्याला भोसकलं ती माझ्या घराच्या छपरात लपवली आहे, काढून देतो." यातलं "छपरात लपवली आहे, काढून देतो" एवढंच चालतं. "ज्या सुरीने भोसकलं" हे गाळायचं. सुरी तिथे असल्याचं त्याला माहीत होतं, एवढंच या शोधातून कळलं. तिने खून झाला हे वेगळं सिद्ध करायचं, म्हणजे रक्त, जखमेचा आकार, डॉक्टरांची साक्ष. "आरोपीने गुन्ह्यातील हत्यार काढून दिले" अशी बातमी येते तेव्हा हे मधलं सगळं गृहीत धरलेलं असतं.

सह्यगिरी
या विषयावर बोलायचं आणि पुण्याच्या डॉ. लागू खटल्याचं नाव नाही? आमच्या आधीच्या पिढीला तो तोंडपाठ होता.

लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा, मधुमेहाच्या रुग्ण. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांचे डॉक्टर. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून दोघं रात्रीच्या गाडीने निघाले. पहाटे मुंबईत उतरले तेव्हा त्या बेशुद्ध. डॉक्टरांनी त्यांना जी. टी. रुग्णालयात दाखल केलं, तेही खोट्या नावाने, आणि त्याच दिवशी त्या वारल्या. प्रेत बेवारस ठरलं आणि वैद्यकीय महाविद्यालयात गेलं. नातेवाइकांना पत्ता नाही. उलट पुढचे कितीतरी महिने त्यांच्या नावाची पत्रं येत राहिली, की मी प्रवासात आहे, मी पुन्हा लग्न केलं. तोवर त्यांचे पैसे आणि शेअर डॉक्टरांकडे वळत होते.

आणि आता ऐका. शवविच्छेदनात विष सापडलंच नाही. मृत्यू मधुमेहाच्या बेशुद्धीने असं मत होतं. विष देताना पाहणारा कुणी नाही, विषाचा मागमूस नाही. तरीही सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. आधीचा हेतू, मधली संधी आणि नंतरचं वर्तन एकत्र पाहिलं तर दुसरा अर्थच लागत नाही, असं बहुमत पडलं.

तर्कट
"बहुमत" म्हणालात ते बरं केलंत. तीन न्यायमूर्तींपैकी एकाने वेगळं मत दिलं होतं. मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. एकच कागदपत्रं, एकच साक्षी, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले तीन अनुभवी लोक दोन निष्कर्षांवर. पैसे लाटले म्हणून लबाड, मान्य. लबाड म्हणून खुनी? माणसाला फाशी देताना मला हे अंतर फार वाटतं.

सह्यगिरी
पण ते वर्तन नुसतं लबाडीचं नव्हतं हो. बाईंचा मृत्यू नैसर्गिक असता तर बरोबर आलेला डॉक्टर नातेवाइकांना कळवता ना? खोटं नाव कशाला सांगावं लागलं? मेलेल्या बाईच्या नावाने पत्रं लिहायची तयारी आधीपासून असल्याखेरीज हे जमतं का?

काळाकोट
तुम्हा दोघांच्या मधोमध कायदा जिथे उभा आहे ते सांगतो, आणि तो खटलाही पुण्याचाच. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. नवविवाहित पत्नीचा सायनाइडने मृत्यू. पतीला पुण्यात फाशीची शिक्षा, उच्च न्यायालयात कायम, आणि सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटका. मुलीने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती. त्यांतून तिची घुसमट दिसत होती, आणि त्यामुळेच आत्महत्येची शक्यता बाद करता येईना. सायनाइड पतीजवळ होतं याचाही पुरावा नव्हता.

त्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याचं "पंचशील" सांगितलंय. आज प्रत्येक सत्र न्यायालयाच्या निकालात ते येतं. माझ्या शब्दांत असं: ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती पूर्ण सिद्ध हवी, "झालं असेल" चालणार नाही, "झालंच" हवं. सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपी दोषी असण्याशीच जुळाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या हव्यात. आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करावी. आणि साखळी इतकी पूर्ण हवी की निर्दोषत्वाला वाजवी जागाच उरू नये. याची बीजं १९५२ च्या हनुमंत नरगुंदकर खटल्यात आहेत.

याच निकालातल्या आणखी दोन गोष्टींचा उल्लेख क्वचित होतो. एक, आरोपीचा खोटा बचाव तुटलेली कडी सांधू शकत नाही. साखळी आधीच पूर्ण असेल तर तो फार तर एक जादा कडी. दोन, जी परिस्थिती आरोपीच्या जबाबात त्याच्यापुढे मांडून खुलासा विचारला नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हा जबाब म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, नव्या संहितेत ३५१. माझ्या मते आरोपीचं सगळ्यात मोठं संरक्षण यातच आहे, आणि सुनावणीत ते बहुतेक वेळा घाईघाईत उरकलं जातं. शंभर प्रश्न वाचून दाखवायचे, शंभर वेळा "खोटं आहे" लिहून घ्यायचं. हे बदललं पाहिजे.

वाटसरू_२
आरोपीने गप्प बसायचं आणि सगळं सरकारी पक्षाने सिद्ध करायचं? बंद घरात नवरा-बायको दोघंच, सकाळी बायको मेलेली. बघायला कोण येणार?

काळाकोट
चांगला प्रश्न. पुरावा कायद्याचं जुनं कलम १०६, आता १०९. जी गोष्ट विशेषकरून एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती त्याने सांगावी. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००६. सासरचे म्हणाले साप चावला, शवविच्छेदनात निघालं गळा दाबलेला. घराच्या चार भिंतींत असं घडलं तर घरातल्यांनी पटेल असा खुलासा द्यायला हवा, नाहीतर ती त्यांच्याविरुद्धची कडी, असं न्यायालयाने म्हटलं. पण सरकारी पक्षाची जबाबदारी त्यामुळे उडून जात नाही. तो घरात होता, मृत्यू घातपाताचा आहे, हे आधी सरकारी पक्षानेच सिद्ध करायचं.

नवखा_७
टॉवर लोकेशनचं काय? माझा फोन मुलगा घेऊन फिरतो. उद्या काही झालं तर मी अडकणार का?

सूक्ष्मदर्शी
टॉवर फक्त सांगतो की फोन साधारण त्या परिसरात होता. परिसर गावाबाहेर बराच मोठा असू शकतो. फोन कुणाच्या हातात होता हे वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. शिवाय अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी कोर्टात द्यायच्या तर पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ६५ब चं, आताच्या ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडच्याच एका निवडणूक वादातून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. नव्या कायद्याच्या प्रमाणपत्रात तर फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईलमध्ये काही बदललं तर बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक) द्यावी लागते.

रानवारा
एक भाबडा प्रश्न. ऑफिसातल्या चौकशीलाही हे पंचशील लागतं का?

काळाकोट
नाही. खातेनिहाय चौकशी आणि दिवाणी दावा यांत कोणतं पारडं जड एवढंच बघतात. वाजवी संशयापलीकडे ही कसोटी फौजदारी खटल्याची. म्हणून तोच माणूस फौजदारीत सुटतो आणि नोकरीवरून जातो, असं घडू शकतं.

अनया_प
सगळ्यांचे मनापासून आभार. आता पुन्हा माझ्या बातमीकडे. दोघांना रात्री दहाला एकत्र पाहिलं, प्रेत दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं, असं त्यात लिहिलंय. एवढ्यावर शिक्षा टिकेल?

तर्कट
एवढ्यावर टिकू नये. मधल्या चौदा तासांत तिसरा कुणी भेटला नसेल हे कोण सांगणार?

गोदाकाठ
बातमीत दोन ओळी येतात, निकालपत्र शंभर पानांचं असतं. प्रेत कुठे होतं? आरोपीच्या कुलूपबंद खोलीत मिळालं असेल तर चौदा तासही थोडेच. उघड्या माळावर मिळालं असेल तर तर्कट म्हणतात ते बरोबर.

काळाकोट
गोदाकाठ यांच्याशी सहमत. शेवटचं एकत्र दिसणं आणि मृत्यू यांतलं अंतर इतकं कमी हवं की मध्ये तिसरा कुणी येण्याची शक्यता उरू नये. अंतर मोठं असेल तर दुसऱ्या भक्कम कड्या लागतात, आणि नुसत्या एकत्र दिसण्यावर सहसा शिक्षा टिकत नाही. मृत्यूची वेळ डॉक्टरांनी काय सांगितली तेही बघा. प्रेत दुपारी मिळालं म्हणजे मृत्यू दुपारी झाला असं नव्हे.

अनयाताई, खटल्याचा क्रमांक मिळाला तर निकालपत्र बहुधा जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर वाचता येईल. त्यात न्यायाधीशांनी परिस्थिती एकेक करून मांडलेली असते. प्रत्येकीपुढे कोणत्या साक्षीदाराने ती सिद्ध केली आणि आरोपीने जबाबात काय खुलासा दिला, हे पेन्सिलीने लिहीत जा. ज्या ओळीपुढे यातलं काहीच लिहिता येणार नाही, अपिलात पहिला घाव तिथेच बसेल.

अनया_प
क्रमांक बातमीत आहे. शोधते आणि सापडलं की इथेच टाकते.